पटावरच्या फरश्या

बुद्धिबळाच्या पटाचे तिरके समोरासमोरचे दोन कोपरे कापून टाका. उरली 62 घरं. एका वेळी दोन शेजारची घरं झाकतील अशा 31 फरश्या हातात आहेत. पट पुरता झाकेल? मॅक्स ब्लॅक या तत्त्वज्ञाने 1946 सालच्या आपल्या पुस्तकात घातलेलं हे कोडं. उत्तर, नाही. फरशी कशीही ठेवा, ती एक काळं आणि एक पांढरं घर झाकते. कापलेले कोपरे मात्र एकाच रंगाचे.

मग दोन्ही रंगांची घरं सारखी ठेवली की झालं? तेही नाही. एखाद्या कोपऱ्याचे दोन्ही शेजारी काढा, त्या कोपऱ्याच्या रंगाची दोन घरं दुसरीकडून काढा. हिशेब 30-30 असा बरोबर, पण कोपरा एकटा पडला.

आता वेडावाकडा कापलेला पट समोर आला, तर फरश्या मांडत-मोडत बसू नका. काळी घरं डावीकडे लिहा, पांढरी उजवीकडे, शेजाऱ्यांना रेघेनं जोडा. फरशी ठेवणं म्हणजे एक रेघ निवडणं. एका घराच्या वाट्याला एकच रेघ. पट गेला, फरश्या गेल्या, उरलं बायपार्टाइट मॅचिंग, म्हणजे दोन बाजूंच्या जोड्या लावणं. असं प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नात नेणं म्हणजे रिडक्शन.

आणखी एक पायरी आहे, आणि मला तीच सर्वांत देखणी वाटते. डावीकडे एक उगम काढून सगळ्या काळ्या घरांना जोडा, उजवीकडे एक निकास काढून सगळ्या पांढऱ्यांना, आणि प्रत्येक रेघेतून फार तर एक माप वाहू द्या. जास्तीत जास्त किती वाहील, हे काढण्याची रीत फोर्ड आणि फुल्कर्सन यांनी 1956 साली छापली होती. मापं पूर्णांकी असली, की ही रीत पूर्णांकीच उत्तर देते; अर्धी फरशी कुठेच ठेवावी लागत नाही. हे नसतं, तर सगळी खटपट फुकट.

रिडक्शनची दिशा मात्र सांभाळायची. आपला प्रश्न अवघड आहे असं दाखवायचं, तर आधीच अवघड ठरलेला प्रश्न आपल्या प्रश्नात उतरवावा लागतो. विद्यार्थी नेमकं उलटं करतात.

रिचर्ड कार्प यांनी 1973 साली हॉपक्रॉफ्ट यांच्यासह दोन बाजूंच्या जोड्या आणखी झपाट्यानं लावून दाखवल्या. त्याच्या आदल्याच वर्षी कार्प यांनी 21 अवघड प्रश्नांची यादी दिली होती. तिच्यात जोड्यांऐवजी तिघांचे गट जुळवण्याचा प्रश्न आहे. त्याला झटपट रीत अजून कुणाला सापडलेली नाही. ती नाहीच, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.