दाखला हातात येईपर्यंत

  परिषदेच्या स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची, म्हणजे इथे म्हापशाची, थोरवी सांगावी अशी रीत आहे. ती मी मोडत नाही, पण देवळे, बाजार आणि समुद्र यांच्याऐवजी आजच्या विषयाशी, म्हणजे न्यूरोडायव्हर्जंट मुलांशी, या भागाचे जे नाते आहे ते सांगतो. न्यूरोडायव्हर्जंट मुले म्हणजे ज्यांचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या रीतीने वाचतो, ऐकतो, लक्ष देतो किंवा माणसांशी जोडून घेतो अशी मुले. स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया ही नावे आपल्या परिचयाची आहेत. अशी मुले आपल्याकडे किती, याचा शोध घेणारा एक मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपला उत्तर गोवा अशा पाच ठिकाणच्या 2 ते 9 वर्षांच्या जवळजवळ 4000 मुलांची त्यात तपासणी झाली. मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण 6 वर्षांखालील मुलांत 9.2 टक्के आणि 6 ते 9 वयोगटात 13.6 टक्के आढळली. यात श्रवणदोष, दृष्टिदोष आणि अपस्मारही धरलेले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही तीस मुलांच्या वर्गात चार जण, असा हा हिशेब आहे.

या हिशेबातून मला एकच गोष्ट मांडायची आहे. घरातली आणि वर्गातली मदत निदानाच्या कागदाची वाट पाहत थांबता कामा नये. आज आपल्याकडे क्रम उलटा लागला आहे. आधी शंका, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले, मग जिल्ह्याच्या रुग्णालयातली तारीख, मग चाचण्या, मग दाखला, आणि दाखला शाळेत जमा झाल्यावर सवलत. तीही बहुतेक वेळा दहावीच्या परीक्षेपुरती. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा दाखला मूल 8 वर्षांचे झाल्यावरच मिळू शकतो. याला शास्त्रीय कारण आहे. त्याआधी निदान पक्के करणे अवघड असते. पण पहिली आणि दुसरी ही अक्षरओळखीची दोन वर्षे त्या मुलाने कशाच्या आधारावर काढायची? एडीएचडीची गोष्ट तर आणखी बिकट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकविसांवर नेले, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या, पण एडीएचडीचे नाव त्या यादीत नाही. म्हणजे काही मुलांचा कागद उशिरा येणार आणि काहींचा कधीच येणार नाही.

कागदावाचून काय करता येते, हे मराठी वाचनाच्याच उदाहरणावरून पाहू. ‘किती’ हा शब्द घ्या. कानाला आधी क ऐकू येतो, मागून इ. कागदावर मात्र पहिली वेलांटी आधी उभी असते आणि क तिच्या मागे. त्याच शब्दातली दुसरी वेलांटी अक्षरानंतर येते. ‘अर्थ’ म्हणताना र आधी उच्चारतो, लिहिताना तो थच्या डोक्यावर जाऊन बसतो. तोच र ‘चक्र’मध्ये कच्या पायाशी तिरका होतो, ‘राष्ट्र’मध्ये टच्या खाली दोन पाय पसरतो आणि ‘सुऱ्या’मध्ये भलतेच रूप घेतो. त्यात घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष ही अक्षरे एका रेघेच्या फरकाने वेगळी. बहुतेक मुले हे सगळे न शिकवता उचलतात, म्हणून आपल्याला ते शिकवण्याजोगे वाटतच नाही. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे, हा समज अजून पक्का आहे. खरी अडचण बहुतेकदा कानाच्या बाजूला असते: ऐकलेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणे आणि ते अक्षरांशी चटकन जोडणे त्या मुलाला जड जाते. अशा मुलाला फळ्यावरचा मजकूर उतरवून घ्यायला सांगितला की ते वर पाहते, एक अक्षर डोक्यात धरते, खाली वहीकडे येईपर्यंत ते निसटते, पुन्हा वर पाहते. शेजारचा दोन ओळी लिहून झालेला असतो तेव्हा याचा एक शब्द होतो, तोही अर्धा पुसलेला. बाईंना दिसतो तो आळस. आईला दिसते ती अपुरी वही. या मुलाला वेलांटी आणि रफार क्रमाने, मोठ्याने बोलत, रोज थोडा वेळ शिकवणे, फळ्यावरचा मजकूर छापून हातात देणे, भर वर्गात अचानक उभे करून वाचायला न लावणे, इतिहासाचे उत्तर तोंडी घेणे, यातल्या एकाही गोष्टीला दाखला लागत नाही. आणि समजा, त्या मुलाला डिस्लेक्सिया नव्हताच, तर या मदतीने त्याचे काय बिघडले? मदत चुकून दिली तर नुकसान शून्य. चुकून रोखली तर मूल तिसरीत येईपर्यंत स्वतःला ढ समजू लागलेले असते. माझ्या म्हणण्याचा सारा भार या तफावतीवर आहे.

हेच स्वमग्न आणि एडीएचडी असलेल्या मुलांनाही लागू पडते. खडखडणारा पंखा, गॅदरिंगचा लाउडस्पीकर, कॉलरला आतून शिवलेली टोचणारी चिठ्ठी या आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी काही मुलांना खरोखर सोसवत नाहीत. 2013 पासून स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांतच संवेदनांच्या या तीव्रतेचा समावेश झालेला आहे. घरी आपण एका दमात सांगतो, “दप्तर आवर, डबा घासायला टाक, हातपाय धू आणि अभ्यासाला बस.” ज्या मुलाच्या मनात एका वेळी एकच सूचना टिकते ते डब्यापाशीच हरवते, आणि आपण त्याला ऐकत नाहीस म्हणून रागावतो. सूचना एकेक दिली, क्रम चित्रांनी भिंतीवर लावला, तर रोजचे संध्याकाळचे अर्धे भांडण मिटते. आईवडिलांच्या हाती किती असते याचा पुरावा याच बार्देश तालुक्यातून आला आहे. पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीतील सहकाऱ्यांबरोबर स्वमग्न मुलांच्या 65 कुटुंबांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. मदत देणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते होते. आई किंवा वडील मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण करायचे, ते त्यांच्याच बरोबर बसून पाहायचे, आणि मूल कुठे काही सांगू पाहत होते ते त्यांना दाखवून द्यायचे, अशी ती पद्धत. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लयीला जुळू लागला आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. स्वमग्नता नाहीशी झाली असा दावा कुणी केलेला नाही. या प्रयोगामुळे घराचा दवाखाना करायला हवा, असेही मला म्हणायचे नाही. मुलाला आधी आई हवी असते, थेरपिस्ट नंतर.

यावर पहिला आक्षेप येतो तो न्यायाचा. एकाला जादा वेळ दिला तर बाकीच्यांवर अन्याय नाही का? परीक्षेत आपण काय मोजतो, यावर याचे उत्तर ठरते. भूगोलाच्या पेपरात भूगोल मोजायचा असेल, तर लिहिण्याचा वेग हा मधला अडथळा आहे. तो बाजूला केल्याने मोजमाप अधिक खरे होते. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना अशा सवलती 1996 पासून मिळू लागल्या. कायद्याची भूमिकाही आता स्पष्ट आहे. परीक्षेतील लेखनिकाच्या प्रश्नावर 2021 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वाजवी सोय मागण्याचा हक्क 40 टक्के अपंगत्वाच्या अटीला बांधलेला नाही. खोटे दाखले काढून सवलती लाटल्या जातात, ही तक्रार मी हलकी मानत नाही. पण खोटेपणाला वाव का मिळतो? सगळी मदत दहावीच्या एका कागदाशी अडकवल्यामुळेच. पहिलीपासून मुलाला काय अडले आणि कशाने सुटले याची शाळेत साधी नोंद राहिली, तर नववीत अचानक उगवलेला दाखला आपोआप उघडा पडेल.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. चाळीस-पन्नास मुले, वर सर्वेक्षणे, निवडणुका आणि पोर्टलवरच्या नोंदी. त्यात हे कधी करायचे? प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या 10 मुलांमागे आणि पुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयानेच 2021 मध्ये ठरवून दिले आहे. त्या जागा भरा, ही मागणी या परिषदेने सरकारकडे ठामपणे करावी. ती पुरी होईपर्यंत शिक्षकाने एकट्याने सगळे ओढावे असे मी म्हणणार नाही. मात्र फळ्यावरचा मजकूर छापून देण्याने शिक्षकाचे काम वाढते त्याहून अधिक, रोज अपुऱ्या वह्यांवरून होणारी चिडचिड कमी होते.

तिसरा आक्षेप आजीआजोबांच्या तोंडी असतो: पूर्वी कुठे होते हे सगळे? होतेच. ती मुले चौथीत शाळा सोडत होती, आणि शेतात, होडीवर, दुकानात त्यांना वाचनावाचून काम मिळत होते. म्हणून ती नजरेत आली नाहीत. काही पालकांना उलट भीती असते, की नाव दिले की शिक्का बसतो. शिक्का तर आधीच बसलेला असतो, ढ, मस्तीखोर, माणूसघाणा असा. नेमके नाव या शब्दांची जागा घेते तेव्हा मुलाची सुटकाच होते. म्हणून दाखला नको असे माझे म्हणणे मुळीच नाही. कान-डोळे तपासून घ्यावेत, औषधाचा निर्णय डॉक्टरांनीच करावा, आणि हक्काच्या योजनांसाठी निदान लागतेच. मराठीतून शिकणाऱ्या मुलाची चाचणी मराठीतच व्हावी. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने तयार केलेले ‘डाली’ हे साधन मराठीतही आहे, त्याचा आग्रह धरावा. आणि मेंदूच्या विविधतेचे कौतुक करताना जी मुले बोलत नाहीत, स्वतःला इजा करून घेतात, ज्यांच्या आईला रात्ररात्र झोप नाही, त्यांचा विसर पडू देऊ नये. त्यांना वर्गातल्या छोट्या बदलांपलीकडे कायमचा आधार लागणार आहे, आणि तो देणे एकट्या कुटुंबाचे काम नव्हे.

आता परिषदेच्या दोन दिवसांच्या व्यवस्थेविषयी. आजच्या उद्घाटनाला ढोलताशे नव्हते आणि सत्रांच्या शेवटी घंटा वाजणार नाही; वेळ संपल्याचा फलक दाखवला जाईल. डावीकडची मागची खोली शांत राहण्यासाठी आहे. तिथे उजेड मंद ठेवला आहे आणि मोबाईलला मज्जाव आहे. मुलांनी सत्र चालू असताना उठावे, फिरावे, परत यावे. वक्त्यांना तशी कल्पना दिलेली आहे. कार्यक्रमपत्रिका मोठ्या अक्षरांत आणि चित्रांतही छापली आहे, दाराशी दोन्ही मिळतील. कुणाला कोणती हवी आणि का, हे तिथे कुणीही विचारणार नाही.