गल्ल्यावर कोण बसणार?

(शेलूबाजार येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलं होतं. कविता खिशात आहे, ती तिथंच राहू द्या. सकाळी चौकात चहा पिताना इथल्याच एका पोरानं मला गाठलं. म्हणाला, "दादा, मुंबईले कोणतं दुकान जोरात चालते ते सांगा ना. बापाच्या नावानं अर्धा एकर हाय. ते इकतो अन् इंटरचेंजपाशी तसंच दुकान टाकतो." तेव्हापासून माझ्या डोक्यात तो अर्धा एकर फिरतोय. तो पोरगा समोर बसलाय, नाव घेत नाही. पण आज मी त्याच्या प्रश्नावरच बोलणार आहे. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी मी कोण ते सांगतो. माझा आजा याच पंचक्रोशीतला. १९७२ च्या दुष्काळानंतर मुंबईला गेला, गोदीत हमाली करता करता कायम झाला. मी त्याच गोदीत आहे, पण ठेकेदाराकडे, रोजावर. दहावी पास, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. व्यापार मला मागच्या दारानं माहीत आहे. दुकानात मांडलेला माल तुम्ही पुढून बघता. आमच्या पाठीवर तो आधी येऊन गेलेला असतो.

तर मुंबईत कोणतं दुकान चालतं? आम्ही राहतो त्या लोअर परळचंच सांगतो. आजी सांगायची, इथला रस्ता गिरणीच्या भोंग्यावर उघडायचा आणि भोंग्यावर मिटायचा. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यासाठी चहावाला जागा असायचा. एकट्या माणसाला महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. पिठाची गिरणी होती, शिंपी होता, सायकलवाला होता, उधारीची वही ठेवणारा वाणी होता. तो रस्ता काही स्वर्ग नव्हता. गिरणीच्या साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडानं ओढावं लागे आणि आपल्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. तेव्हा जुन्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या रस्त्यावरचं प्रत्येक दुकान रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या गरजेतून उभं राहिलं होतं, एवढं मात्र खरं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. १९९१ साली नियम झाला की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम फिरवला. वाटणी फक्त ज्या जमिनीवर बांधकाम नव्हतं तेवढ्याचीच. २००६ साली सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. बांधलेली जमीन मालकाच्या खिशात गेली. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिलच्या आवारात हॉटेलं आणि बार आले. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री तिथं गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसं मेली.

आता त्या रस्त्यावर भारी कॉफी मिळते, कुत्र्याचे केस कापून मिळतात. आपली पोरं तिथं नाहीत असं नाही. आहेत. झाडू मारायला आहेत, गाड्या लावायला आहेत, दारावर शिट्टी घेऊन उभी आहेत. पण चपलेचा अंगठा शिवून घ्यायचा तर दोन स्टेशनं लांब जावं लागतं.

माझ्या आईचं सांगतो. समोर टॉवर बांधत होते तेव्हा तिनं दोन वर्षं तिथल्या मजुरांना पोळीभाजी घातली. बिहारचे, बंगालचे, मराठवाड्याचे, सगळे तिला 'मावशी' म्हणायचे. टॉवर पुरा झाला, माणसं राहायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिचं टोपलं फुटपाथवरून उचलायला लावलं. म्हणे इमारतीची शोभा जाते. जिच्या पोळीवर ती इमारत उभी राहिली तिच्यामुळं इमारतीची शोभा जाते! आईनं भांडण केलं नाही. टोपलं डोक्यावर घेतलं आणि घरी आली. त्या रात्री ती जेवली नाही.

तेव्हापासून नवं दुकान दिसलं की मी तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा.

पहिला, या रस्त्यावरचा मजूर त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाऊ शकतो का? भाव त्याच्या खिशाचा आहे का, आणि ग्लास सगळ्यांना एकच आहे का? दुसरा, जागा कोणाची? उद्या भाडं वाढलं तर पहिला कोण उठणार? तिसरा, गल्ल्यावर कोण बसतो आणि संध्याकाळी गल्ल्यातला पैसा कोणत्या गावाला जातो?

हे तीन प्रश्न घेऊन आता तुमच्या चौकात या. गावाच्या नावातच बाजार आहे. अकोला–मंगरूळपीरचा रस्ता आणि कारंजा–मालेगावचा रस्ता इथं एकमेकाला कापतात. या बाजारात आपले आजे-पणजे काय होते? पोती उचलणारे, ढोरं हाकणारे, बाजार उठल्यावर झाडणारे. बाजार गावाचा, पाठ आपली.

आता समृद्धी महामार्ग आलाय. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी चालू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा उघडून ७०१ किलोमीटर पुरा झाला. शेलूबाजारला इंटरचेंज मिळाला. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला मोबदला मिळाला. त्याच शेतात जन्मभर निंदण-खुरपण करणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. तिला काय मिळालं? दुरून गाड्या बघायला मिळाल्या. त्या रस्त्यावर दुचाकी चालत नाही, तीनचाकी चालत नाही, बैलगाडीचा तर प्रश्नच नाही. वरच्या गाडीवाल्याला कुठं खाली उतरावं लागू नये, अशाच बेतानं तो रस्ता बांधलाय. पूर्वी नागपूरची गाडी चौकात थांबायची, चहा घ्यायची, पंक्चर काढायची. जी गाडी वरून जाते ती चौकाची राहिली नाही.

तेव्हा पोरा, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. मुंबईत जे दुकान चालतं ते वरच्या गाडीवाल्याचं दुकान आहे. ते इथं आलंच, तर मोठ्या भांडवलाचा माणूस घेऊन येईल, आणि त्याच्यापुढं तुझ्या अर्ध्या एकराचा पैसा दोन वर्षं टिकणार नाही. अर्ध्या एकरात पोट भरत नाही हे मलाही कळतं. मी शहाणपण शिकवत नाही. पण तो अर्धा एकर विकत घेणारा प्लॉटिंगवाला असेल, आणि मग तू तुझ्याच शेतात भाड्याचा गाळा शोधत फिरशील. लोअर परळमध्ये हेच झालं. आम्हाला तर शोधायला गाळाही राहिला नाही.

मग या चौकाला खरं काय हवं? चौकात पहाटे पाचला उभे राहा आणि मोजा. कोण येतं? मजुरीला जाणाऱ्या बाया, एसटीची वाट बघणारी कॉलेजची पोरंपोरी, फवारणीचा पंप दुरुस्तीला आणणारा शेतकरी, दवाखान्याला निघालेली म्हातारी. यांची गरज हाच तुमचा धंदा.

एक उदाहरण देतो. गोदीत माझ्या हातून तुरीची पोती गेली आहेत. म्यानमारची, मोझांबिकची, टांझानियाची तूर मुंबईला आणि न्हावाशेव्याला उतरते. मे २०२१ मध्ये सरकारनं तुरीची आयात खुली केली आणि मग मुदत वाढवत नेली. म्हणजे मी तिकडं पोतं उतरवतो आणि इकडं माझ्याच भाऊबंदाच्या तुरीचा भाव उतरतो. हे पाप माझ्या पाठीवर कोणी ठेवलं? बरं, इथली तूर जाते कुठं? अकोल्याच्या डाळमिलला. आणि डाळ होऊन पाकिटातून परत याच चौकात येते. विकतानाही आपण नागवलो, घेतानाही आपणच नागवलो.

क्विंटलभर तुरीची सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ निघते, चुरी ढोरांना होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं 'पीकेव्ही मिनी डाळमिल' नावाचं छोटं यंत्र कधीचंच बनवलंय. दहा बायांचा बचत गट ते चालवू शकतो. तूर विकत घेऊन साठवायची गरज नाही. पिठाच्या गिरणीसारखं, ज्याची तूर त्याला डाळ करून द्यायची आणि मजुरी घ्यायची. आमच्या लालबागची मिरची गल्ली अशीच टिकली. आजूबाजूच्या गिरण्या गेल्या, टॉवर आले, पण डंकावर मसाला कुटून घ्यायला माणसं लांबून येतात. कारण तिथं माल गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढं तयार होतो.

दुसरं, दुरुस्ती. मोटारीचं वायंडिंग, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, मोबाइल. आयटीआय झालेली पोरं या गर्दीत बसलेली आहेत, आणि मोटार जळली की शेतकरी अकोल्याची वाट धरतो. तिसरं, खानावळ. मजुराला परवडेल अशी, बायांनी चालवलेली, एका ओळीत एकाच भांड्यात वाढणारी. चौथी गोष्ट दुकान नाही, पण तिच्याशिवाय बाजार अर्धाच. बायांसाठी मोरी आणि संडास. दिवसभर भाजी विकणारी बाई पाणी प्यायची टाळते. का टाळते हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, फक्त पंचायतीला माहीत नाही.

काही जण म्हणतील, दुकान काढू, पण आपल्या दुकानात येणार कोण? हा भेकड प्रश्न नाही, खरा प्रश्न आहे. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक तुटलं. सल्ला बरोबर होता, जात आडवी आली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढायला मदत केली. तिथंही कोणी फिरकेना. तेव्हा महाराजांनी त्या दुकानापुढं आपली गाडी थांबवली, स्वतः चहा प्याले आणि सोबतच्यांना पाजला. नुसतं भांडवल देऊन काम होत नाही हे त्या राजाला कळलं होतं. गिऱ्हाईकही उभं करावं लागतं.

आज आपल्याकडं महाराज नाहीत. पण आपण किती आहोत ते मोजा. या चौकातल्या दुकानांचा गल्ला आपल्याच मजुरीनं भरतो. आपल्या बाईनं डाळमिल काढली तर पहिलं पोतं आपण नेऊ, आपल्या पोरानं पंप दुरुस्त केला तर चार शेतकऱ्यांना आपण सांगू. मात्र एक लक्षात ठेवा. आपल्यातलाच एखादा गल्ल्यावर बसून पोरांना बारा तास राबवील आणि मजुरी बुडवील, तर त्याच्या दुकानापुढं पहिली घोषणा मी देईन. मालकाची जात बदलली म्हणून शोषण गोड लागत नाही.

पैशाचं काय? २०२० साली केंद्रानं छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना काढली. तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठरलं. महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे. कागद मागा, अर्ज करा, नाकारला तर लेखी कारण घ्या. तोंडी 'नाही' ऐकून घरी येऊ नका. मुंबईत फेरीवाल्यांसाठी निदान २०१४ चा कायदा आहे. त्याच्या समितीत ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींना आहेत, कागदावर का होईना. पण तो कायदा नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीचा. इथं तुमचं हत्यार ग्रामसभा आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. कुठं खर्चले ते विचारा. दरवेळी समाजमंदिराच्या रंगावर जात असतील तर सांगा, रंग पुरे झाला, आता गाळा बांधा. गाळे लिलावानं गेले की मोठ्या अनामतीवाला ते घेऊन जातो. म्हणून काही गाळे भूमिहीनांच्या आणि बायांच्या गटांना ठरलेल्या भाड्यानं द्या, असा ठराव मांडा. नाव, तारीख, सही. इतिवृत्तात लिहिलं का ते वाचून बघा.

माझ्या आईकडं असा एक कागद असता तर तिचं टोपलं उचलायला लावणाऱ्याच्या तोंडावर तिनं तो धरला असता. तिच्याकडं फक्त चांगली पोळी होती. चांगल्या पोळीनं फुटपाथ मिळत नाही.

पोरा, तुला सांगायचं ते एवढंच. शेत विकू नकोस. दुकान काढ, पण एकट्यानं काढू नकोस, आणि वर गाड्यांकडं बघून काढू नकोस. खाली चौकात बघ.

कविता पुढच्या खेपेला वाचीन. सभा संपली की कोणी जाऊ नका. मी वही आणली आहे. पहाटे पाचला चौकात कोण येतं आणि त्याला काय मिळत नाही, याची यादी आत्ताच करायला बसू. पुढच्या ग्रामसभेला ती यादी हातात पाहिजे.

जयभीम.