गरम ताट

मे महिन्यात आम्ही मालवणला गेलो. चार दिवस चूल नाही म्हणून मी खुशीत होते. पहिल्याच दुपारी खानावळीत सुरमईची थाळी आली. थोरला साडेतीन वर्षांचा, त्याला काटे काढून द्यायचे. धाकटी आठ महिन्यांची, तिला मऊ भात कालवून भरवायचा. तोवर नवऱ्याची सोलकढीची दुसरी वाटी संपली.

धाकटी दुधासाठी रडायला लागली. मालक म्हणाले, "ताई, आत बसा." आत म्हणजे संडासाच्या दाराशी, खरकट्या भांड्यांजवळ. आपण कुणी तिथे बसून जेवू का? मग बाळानं का जेवायचं? मी टेबलाशी परत आले, पदर घेतला आणि तिथेच पाजलं. कुणी काही बोललं नाही. सासूबाई तेवढ्या भिंतीकडे बघत होत्या.

२०१९ च्या सरकारी पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेलेली दिसली, पुरुषांची ९७. सहलीत त्यातली चुलीपुढची तेवढी सुटतात.

रात्री नवऱ्याला म्हटलं, "उद्या मी आधी जेवणार. पोरं तुझ्याकडे." दुसऱ्या दिवशी थोरल्यानं घासातला काटा थुंकला. माझा हात आपोआप पुढे गेला, तो मागे घेतला. सोपं नव्हतं ते. मग नवरा एकेक तुकडा बोटांनी चाचपून देऊ लागला. माझ्या सुरमईवरचा रवा अजून कुरकुरीत होता.