मांसाची धुरी आणि लांकडाची पारख

मांस टिकविण्याचे जे उपाय मनुष्यजातीला प्राचीन काळापासून ठाऊक आहेत, त्यांत ऊन, मीठ आणि धूर हे तीन प्रमुख होत. जेथें ऊन मुबलक, तेथें धुराची फारशी गरज पडली नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर बोंबील बांबूंच्या मांडणीवर टांगले कीं सूर्यनारायण पुढचें काम करतो. परंतु मध्य व उत्तर युरोपांत, जेथें हिवाळा लांब आणि हवा दमट, तेथें शेतकऱ्यानें थंडीच्या तोंडीं डुक्कर मारावें, मांस मिठांत मुरवावें आणि घरच्या धुराड्यांत टांगून ठेवावें, असा परिपाठ पडला. भारतांतहि नागा लोकांच्या घरीं चुलीवरील फळीवर किंवा टांगणीला मांस धुरावत ठेवण्याची चाल आहे. कारण तेथील पावसाळाहि उन्हावर विसंबूं देत नाहीं.

धूर तो धूरच, मग तो कोणत्याहि लांकडाचा असो, असें वरवर पाहणाऱ्यास वाटतें. पण जे लोक पिढ्यान् पिढ्या हा व्यवसाय करीत आले, त्यांनीं लांकडाची निवड कधींहि दैवावर सोडली नाहीं. जर्मनींत बीच नांवाच्या वृक्षाला पहिला मान; अमेरिकेच्या दक्षिण भागांत हिकरीला; त्याच देशाच्या वायव्य किनाऱ्यावर सामन माशासाठीं आल्डर वृक्षाला. जपानांत कात्सुओबुशी नांवाचे मत्स्यखंड तयार करतांना ओक जातीचीं लांकडें वापरतात. टेक्सासमध्यें मेस्कीट नांवाचें कांटेरी झाड या कामीं येतें. महाराष्ट्रांत जिला वेडी बाभूळ म्हणतात, ती याच मेस्कीटच्या कुळांतली. हीं सर्व झाडें रुंद पानांचीं आहेत, सूचिपर्णी नव्हेत, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

याचें कारण लांकडाच्या घटनेंत आहे. लांकूड मुख्यतः तीन द्रव्यांचें बनलेलें असतें : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिलीं दोन शर्करेच्या कणांच्या सांखळ्या होत. त्या तापून तुटल्या म्हणजे आम्लें आणि मांसाला तांबूस सोनेरी रंग आणणारीं द्रव्यें निघतात. लिग्निन हें लांकडाला कणखरपणा देणारें द्रव्य. तें सर्वांत शेवटीं, म्हणजे सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या पुढें, जोरानें विघटित होऊं लागतें. त्यांतून ग्वायाकोल आणि सिरिंगोल हीं द्रव्यें बाहेर पडतात. धुरावलेल्या मांसाचा जो विशिष्ट स्वाद आणि वास, तो बहुतांशीं यांचाच. सिरिंगोल रुंद पानांच्या झाडांच्या लांकडांत भरपूर निघतें, सूचिपर्णी झाडांत जवळजवळ नाहींच. शिवाय देवदार, चीड इत्यादि सूचिपर्णी वृक्षांत राळ असते. ती जळतांना काजळी धरते आणि मांसावर कडवट थर बसतो.

तथापि प्रत्येक नियमाला अपवाद असतो, आणि तो अपवादच पुष्कळदां नियमाचें मर्म शिकवितो. जर्मनीच्या श्वार्त्सवाल्ड म्हणजे काळ्या अरण्यांतील प्रसिद्ध हॅम फर व स्प्रूस या सूचिपर्णी लांकडांच्याच धुरांत तयार होतें. १९९७ पासून त्याच्या नांवाला युरोपीय कायद्याचें संरक्षण आहे. मग तेथें राळ आड कां येत नाहीं? तेथें धूर थंड ठेवतात, सुमारे २५ अंशांच्या आसपास. मांस विस्तवाजवळ नसतें, आणि ही क्रिया कित्येक दिवस मंदपणें चालते. यावरून हें दिसतें कीं लांकडाची निवड ही एकटी उभी राहत नाहीं. तिच्या जोडीला विस्तवाची आंच, हवेचा झोत आणि वेळ यांचें तारतम्य लागतें.

निवड करतांना पुढील गोष्टी जाणकार कटाक्षानें पाळतात. लांकूड सुकलेलें असावें. ओलें लांकूड धुमसतें आणि त्याचा दाट पांढरा धूर मांसाला तुरट, आंबूस चव देतो. बुरशी चढलेलें लांकूड वर्ज्य. रंगविलेल्या फळ्या, जुनीं दारें, खोकीं, कीड लागूं नये म्हणून औषध मारलेले खांब यांना तर भट्टीच्या जवळहि येऊं देऊं नये. कारण अशा लांकडांत आर्सेनिकसारखीं विषें असूं शकतात आणि तीं धुरांतून व राखेंतून पसरतात. कण्हेरीसारख्या विषारी झाडाचें सरपणहि या कामीं नको. सफरचंद, चेरी यांसारख्या फळझाडांचा धूर सौम्य म्हणून कोंबडी व मासळी यांस मानवतो. हिकरी व मेस्कीटचा धूर उग्र म्हणून तो गोमांस व डुकराचें मांस यांसाठीं राखतात.

आतां या विषयाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. धुरानें मांस टिकतें हें अर्धसत्य आहे. धुरांतील आम्लें व फेनॉल पृष्ठभागावरील जंतूंना आवर घालतात, परंतु ते आंत खोलवर पोंचत नाहींत. आंतील रक्षण मीठ आणि कोरडेपणा यांनींच होतें. १८२० व १८२२ सालीं युस्टिनुस केर्नर या वुर्टेंबर्गमधील वैद्यानें धुरावलेल्या सॉसेजपासून होणाऱ्या प्राणघातक विषबाधेचें सविस्तर वर्णन केलें. ज्या रोगाला पुढें बोटुलिझम हें नांव मिळालें, तोच तो. त्या नांवांतील लॅटिन शब्दाचा अर्थच मुळीं सॉसेज असा आहे. म्हणजे मीठ अपुरें असल्यास उत्तमांतलें उत्तम लांकूडहि प्राण वांचवीत नाहीं.

तसेंच, लांकूड फार प्रखर आंचेवर जळलें किंवा मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकली, म्हणजे बेंझोपायरीन नांवाचें द्रव्य तयार होतें. हें द्रव्य कर्करोगाला कारण होतें. तें १९३३ सालीं लंडनमधील संशोधकांनीं दगडी कोळशाच्या डांबरांतून वेगळें काढलें. युरोपीय संघानें २०१४ पासून धुरावलेल्या मांसासाठीं त्याची सर्वसाधारण मर्यादा एका किलोग्रॅममागें २ मायक्रोग्रॅम इतकी ठरविली. आणि २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें प्रक्रिया केलेलें मांसच मनुष्याला कर्करोगकारक ठरविलें. त्यांत धुरावलेलें मांसहि आलें. यास्तव विस्तव मंद असावा, ज्वाळा उठूं देऊं नयेत, चरबी निखाऱ्यावर गळूं देऊं नये, आणि असा पदार्थ रोजचें अन्न न होतां प्रसंगाचें खाद्य व्हावा, हें श्रेयस्कर.

चुलीपाशीं बसून धुराचा रंग ओळखणाऱ्या वृद्धांना यांतील रसायनशास्त्र अवगत नव्हतें. पातळ, निळसर धूर चांगला आणि दाट पांढरा वाईट, एवढेंच त्यांना ठाऊक होतें, आणि तेवढ्यावर त्यांचें काम चालत असे. शास्त्रानें त्या ज्ञानाला कारणें जोडलीं आणि त्याची सीमाहि दाखवून दिली. लांकडाची पारख आणि ही सीमा, दोन्ही ज्याला ठाऊक आहेत, त्यानेंच धुराची भट्टी पेटवावी.