जनित्राचा पहारेकरी



घरांतला दिवा एकाएकीं मालवतो, पंखा मंदावत थांबतो, आणि आठ-दहा सेकंद जातात न जातात तोंच आवाराच्या कोपऱ्यांत जनित्राची घरघर सुरू होऊन दिवा पुन्हां लागतो. मोठ्या इमारतींत, इस्पितळांत, बँकांत हा अनुभव आतां नित्याचा झाला आहे. हें जनित्र चालू करण्यास कोणी माणूस धांवलेला नसतो. लोखंडी कपाटाच्या दारावर हाताच्या पंजाएवढी एक पेटी बसविलेली असते. बारीक अक्षरें दाखविणारा एक पडदा, चार-सहा बटणें आणि पाठीमागें तारांचा जुडगा, एवढाच तिचा संसार. तिला स्वयंचलित नियंत्रक म्हणतात. ही पेटी काय पाहते, काय करते, आणि विशेषतः काय करण्याचें नाकारते, हें आज सांगावयाचें आहे.

मी मुदखेडचा राहणारा. सिकंदराबादेहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाला आदिलाबादचा फाटा जेथें मिळतो तें हें नांदेडजवळचें जंक्शन. वीज जाणें म्हणजे काय, हें आमच्या बाजूच्या लोकांना समजावून सांगावें लागत नाहीं. २००५ नंतरचीं कित्येक वर्षें मराठवाड्यानें दिवसाचे अनेक तास भारनियमनांत काढलीं. परळीचें औष्णिक वीजकेंद्र तर पाण्यावांचून २०१३ सालीं व पुन्हां २०१५ सालीं बंद ठेवावें लागलें. त्या काळांत दुकानदारांनीं, डॉक्टरांनीं, मंगल कार्यालयांच्या चालकांनीं लहानमोठीं जनित्रें घेतलीं. वीज गेली कीं नेमलेल्या माणसानें विजेरी घेऊन पळावें, इंजिन चालू करावें, तें लयीवर आलें हें कानानें ओळखावें आणि मग चेंजओव्हरचा दांडा ओढावा. तयारीच्या माणसाला हें सारें दोन-तीन मिनिटांत साधे. पण तो जेवावयास गेला असला म्हणजे सगळेच अंधारांत बसत.

यंत्रावर यंत्रानेंच नजर ठेवावी ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं आपल्या वाफेच्या इंजिनास दोन गोळ्यांचा गव्हर्नर बसविला. वेग वाढला कीं फिरते गोळे बाहेर फांकत व वाफेची झडप मिटूं लागे. वेग उतरला कीं गोळे खालीं येत व झडप उघडे. आमच्याकडे विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत जीं तेलाचीं इंजिनें धडधडत, त्यांतहि गव्हर्नर असे. तेथें तो वाफेऐवजीं तेलाची मात्रा आंवरी. विजेच्या जनित्राला हें वेगाचें बंधन फारच कडक असतें. चार ध्रुवांचें जनित्र मिनिटाला १,५०० फेरे फिरलें तरच ५० हर्ट्झची वीज देतें. फेरे १,४०० वर उतरले कीं तीच वीज ४६.७ हर्ट्झची होते, आणि मग पंपांच्या व लिफ्टच्या मोटारींना तें मानवत नाहीं.

आतां वीज गेली त्या क्षणापासून पेटीचें वर्तन पाहूं. बाहेरून येणाऱ्या तिन्ही फेजांचा दाब ती अहोरात्र मोजीत असते. घरांतला दाब २३० व्होल्ट, दोन फेजांमधला ४१५. यांपैकीं एखादी फेज गेली, किंवा दाब ठरविलेल्या मर्यादेबाहेर गेला, तरी तिच्या लेखीं वीज गेलीच. पण ती लगेच कांहीं करीत नाहीं. दोन-चार सेकंद थांबते. फांदी तारेला घासली, दिवा लुकलुकला, एवढ्यावरून इंजिन उठवावयाचें नसतें. तेवढ्या वेळांत वीज आली नाहीं तर ती बॅटरीच्या जोरावर स्टार्टरला हुकूम देते. पांच-दहा सेकंदांत इंजिनानें दाद दिली नाहीं तर ती स्टार्टर सोडून देते, थोडा विसावा घेते आणि पुन्हां प्रयत्न करते. बहुधा असे तीन प्रयत्न होतात. चौथा ती करीत नाहीं. घंटा वाजवून माणसाला बोलावते. हट्टानें स्टार्टर मारीत बसल्यास बॅटरी रिकामी होते, स्टार्टर जळतो, आणि मग माणूस येऊनहि उपयोग नसतो. इंजिन चालू झालें तरी तेलाचा दाब उभा राहिला काय, व्होल्ट व हर्ट्झ ठरल्या जागीं आले काय, हें पाहिल्यावरच ती घराचा भार जनित्रावर टाकते.

वीज परत आल्यावरहि तिला घाई नसते. आलेली वीज मिनिटाभरांत पुन्हां जाते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. म्हणून वीज स्थिर होईपर्यंत ती वाट पाहते, मग भार बाहेरच्या विजेवर नेते, आणि इंजिनास कांहीं मिनिटें रिकामेंच फिरवते. दौडून आलेल्या घोड्याला जसे एकदम ठाणावर न बांधतां थोडें हिंडवून आणतात, तसा हा प्रकार.

याहून मोठें काम पुढें आहे. जनित्राची वीज आणि बाहेरची वीज एकमेकींस भेटूं न देणें, हें तें काम. दोहोंची लय जुळलेली नसतां त्या जोडल्या गेल्या तर यंत्राला भयंकर हिसका बसतो. पण यंत्राचें नुकसान एक वेळ सोसतां येईल. रस्त्यावरचें रोहित्र ११,००० व्होल्टांचे ४१५ करतें. तें उलट दिशेनेंहि तितक्याच इमानानें चालतें. घरच्या जनित्राची वीज चुकून खालच्या बाजूनें त्याला पोंचली कीं वरच्या तारेंत ११,००० व्होल्ट उभे राहतात. आणि वीज गेलेली असते त्याच वेळीं दुरुस्तीसाठीं लाइनमन खांबावर चढलेला असतो. भारनियमनाच्या काळांत दोन्ही टोकांना पिना लावलेली एक वायर कांहीं घरांत असे. एक टोंक लहान जनित्रांत, दुसरें भिंतींतल्या सॉकेटांत. अशी वायर मीं स्वतः पाहिली आहे. ती बाळगणारे लोक दुष्ट नव्हते. खांब त्यांच्या डोळ्यांपुढें नव्हता, इतकेंच.

जंक्शनाच्या गांवीं राहिलेल्या माणसाला यावरचा उपाय लवकर उमगतो. रेल्वेच्या जुन्या केबिनींत तरफांची रांग असे. एका मार्गाची तरफ ओढली कीं त्याला आडवा जाणाऱ्या मार्गाची तरफ जागच्या जागीं जखडली जाई. कोणी कितीहि जोर केला तरी ती हलत नसे. चेंजओव्हरमध्यें हीच युक्ति असते व तिला नांवहि तेंच, इंटरलॉक. एक बंधन विजेचें असतें, तें पेटी पाळते. दुसरें लोखंडाचें असतें; एका बाजूचा स्विच मिटलेला असतां दुसरा मिटूंच नये असा दांडा मध्यें आडवा येतो. पैसे वांचविण्यासाठीं हें लोखंडी बंधन गाळणारे कारागीर भेटतात. त्यांना मी तरी दारांत उभें करणार नाहीं.

पेटीचा आणखी एक नकार आहे. तेलाचा दाब पडला किंवा इंजिन अति तापलें तर ती तें स्वतःच बंद करते. हें योग्यच. परंतु आग विझविणाऱ्या पंपाच्या इंजिनाला हा नियम मुद्दाम लावीत नाहींत. इमारत जळत असतां इंजिन जळालें तरी चालेल, पाणी चालू राहिलें पाहिजे, असें तेथें धरलें जातें. फक्त वेग हाताबाहेर गेला तर तें थांबवितात. कोणाचा जीव कोणासाठीं खर्चावयाचा, हें माणसानें आधींच ठरवून पेटींत घालावें लागतें.

जें तिच्या कक्षेबाहेर आहे तें मात्र तिला पाहतां येत नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज गेली आणि लोकल गाड्या जागीं उभ्या राहिल्या. करोनाच्या सांथीचे ते दिवस. इस्पितळांसाठीं किमान आठ तासांचें डिझेल सज्ज ठेवण्याची सूचना महापालिकेला द्यावी लागली. टांकींतलें तेल उतरल्याचें पेटी सांगते. टांकी भरणें तिच्या हातीं नाहीं. जपानांत ११ मार्च २०११ रोजीं भूकंपानें फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्राची बाहेरची वीज तुटली, तेव्हां तेथील जनित्रें आपोआप आणि बिनचूक चालू झालीं. सुमारें पन्नास मिनिटांनीं त्सुनामीची लाट आली व तळघरांतलीं यंत्रें बुडालीं. सहाव्या भट्टीचें, हवेनें थंड होणारें एक जनित्र उंच जागीं होतें. तें चालत राहिलें, आणि पांचवी व सहावी भट्टी वांचली. आमच्याकडे अजूनहि नव्या इमारतींचीं जनित्रें तळघरांत ठेवतात, याचें मला नवल वाटतें.

एका तालुक्याच्या गांवीं मी इस्पितळांत नातेवाइकाच्या उशाशीं बसलों असतां वीज गेली. प्राणवायूचें यंत्र थांबलें. जनित्र होतें, पेटी होती, तेलहि होतें. परंतु दुरुस्तीच्या वेळीं पेटी ‘ऑटो’वरून काढलेली, ती तशीच राहिली होती. परिचारिकेनें अंधारांत सिलिंडर ओढीत आणलें म्हणून निभावलें.

पुष्कळ ठिकाणीं आठवड्यांतून एकदां बटण दाबून जनित्र दहा मिनिटें फिरवितात व त्यालाच चांचणी म्हणतात. त्यानें इंजिन चालतें एवढेंच कळतें. वीज गेल्याचें पेटीला समजलें काय, भार उचलला गेला काय, हें कळत नाहीं. खरी चांचणी म्हणजे बाहेरच्या विजेचा मुख्य स्विच पाडणें. इंजिन न उठण्याचें नेहमींचें कारण जुनी झालेली बॅटरी असतें, तेंहि अशा वेळींच उघड होतें. आपल्या इमारतीच्या व्यवस्थापकांस हा स्विच शेवटीं कोणत्या तारखेला पाडला होता, एवढें विचारून पाहावें. पुढची तारीख ठरली म्हणजे ती वेळेसह फलकावर लिहावी, म्हणजे त्या वेळीं लिफ्टमध्यें कोणी अडकणार नाहीं. इस्पितळ असल्यास रुग्णांची सोय आधीं लावावी. आणि दिवा पुन्हां लागेपर्यंतचे सेकंद कोणी तरी घड्याळावर मोजून वहींत टिपून ठेवावे.