किती खावे? : उष्मांकांचा हिशेब



वजन उतरविण्यासाठी दिवसाला किती खावे, असे पुष्कळजण विचारतात, आणि त्यांना उत्तर हवे असते ते एका आकड्यात. बाराशे म्हणा, पंधराशे म्हणा, पण एकदा आकडा सांगून टाका! आकडा सांगता येतो. तो कसा काढावयाचा हे मी आज सांगणारच आहे. पण त्यावर कितपत विसंबावे हे ठाऊक नसेल, तर त्याचा उपयोग थोडा आणि ताप अधिक. म्हणून जरा मुळापासून सुरुवात करतो.

उष्मांक, म्हणजे ज्याला आपण कॅलरी म्हणतो, ते उष्णतेचे माप. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता, तिला आहारशास्त्रात एक उष्मांक म्हणतात. अन्नाचा आणि उष्णतेचा हा संबंध कसा जुळला? फ्रान्समध्ये १७८०च्या दशकाच्या आरंभी लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजले. श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. (आपल्याकडे जठराग्नी हा शब्द फार जुना आहे, हे खरे. पण तेवढ्यावरून पूर्वजांना कॅलरी ठाऊक होती असे मी म्हणणार नाही. ते म्हणणारे दुसरे पुष्कळ आहेत.) पुढे शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने माणूस आत राहू शकेल अशी खोलीच उष्णतामापक म्हणून बांधली. माणसाने आत जेवावे, झोपावे, श्रम करावेत, आणि बाहेर बसलेल्यांनी त्याची उष्णता मोजावी! पिष्ट पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमला ४ उष्मांक आणि स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमला ९, हे ठोकळ आकडे त्याच्याच कामातून आले. आज बिस्किटाच्या पुड्यावर जो आकडा छापलेला असतो, तो बहुधा याच गुणाकाराचा.

आता खर्चाची बाजू. आपण नुसते पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम चालूच असते, आणि बैठ्या माणसाचा बहुतेक खर्च याच खाती पडतो. पचनाला साधारण एक दशांश जातो. उरलेला हालचालीचा. विश्रांतीतल्या खर्चासाठी १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन आणि सेंट जिऑर यांचे सूत्र आज पुष्कळ वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला १० ने गुणा, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, वयाची पाचपट वजा करा. मग पुरुष असल्यास ५ मिळवा, स्त्री असल्यास १६१ वजा करा.

समजा, एका बाईंचे वय ४५, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७० किलो. सातशे आणि नऊशे एकोणसत्तर, त्यांतून दोनशे पंचवीस आणि एकशे एकसष्ट गेले. राहिले सुमारे १२८०. घरकाम आणि थोडे चालणे धरून याला १.४ ने गुणले की झाले १८००. त्यांतून चारशे कमी करा. म्हणजे १४००. हा झाला आकडा! कागद खिशात घालून घरी जावयास हरकत नाही, असे तुम्हांला वाटेल.

पण जरा थांबा. हे सूत्र अमेरिकेतील माणसांवरून बसविलेले आहे, आणि आपल्या लोकांचा विश्रांतीतला खर्च अशा परदेशी सूत्रांपेक्षा थोडा कमी भरतो, असे आपल्याकडील आहारतज्ज्ञ धरीत आले आहेत. शिवाय दोन माणसांत दहा टक्क्यांचा फरक सहज असतो. अठराशेचे दहा टक्के म्हणजे एकशे ऐंशी. योजलेल्या तुटीतली जवळजवळ अर्धी तूट तिथेच गेली.

दुसरी गोष्ट. एक किलो चरबी म्हणजे ७७०० उष्मांक, तेव्हा रोज चारशेची तूट ठेवली की महिन्याला दीड किलो, वर्षाला अठरा किलो! न्यूयॉर्कच्या विश्नॉफ्स्की नावाच्या डॉक्टरांनी १९५८ साली पौंडाला ३५०० असा हिशेब मांडला, तो अजून तोंडोतोंडी आहे. पहिल्या काही आठवड्यांपुरता तो बरा. पण बाईंचे वजन ६० किलोवर आले की त्याच सूत्राने त्यांचा खर्च १६५० होतो, आणि चारशेची तूट अडीचशेवर येते. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर गणित मांडले. रोजच्या आहारात कायमचे २४ उष्मांक कमी केले तर शेवटी साधारण एक किलो उतरते. त्यातले निम्मे वर्षभरात, बाकीचे पुढच्या दोन वर्षांत. म्हणून सहाव्या महिन्यात काटा अडला की "माझेच शरीर विचित्र" असे म्हणून कपाळाला हात लावू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. आपण किती खातो हे आपल्याला ठाऊक नसते. "मी हजारच खाते, तरी उतरत नाही," असे म्हणणाऱ्या काहीजणांची १९९२ साली अमेरिकेत शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा प्रत्यक्ष आहार सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. ती माणसे खोटे बोलत नव्हती. आपल्या स्वयंपाकघरात पाहा. चहाचा लहान चमचाभर तेल म्हणजे ४० उष्मांक. फोडणीला ते बुधलीतून ओतले जाते, मोजतो कोण? दोन चमचे साखरेचा, म्हशीच्या दुधाचा चहा ऐंशी-नव्वदच्या घरात. असे चार झाले की एका जेवणाइतके. मूठभर शेंगदाणे दीडशेच्या वर. आणि एकादशीची साबूदाण्याची खिचडी! साबूदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर दाण्याचे कूट, वर तूप. तिला उपवास म्हणावे हे धर्माला चालत असेल. काट्याला चालत नाही. घरातल्या बाईची गोष्ट आणखी वेगळी. टाकवत नाही म्हणून मुलांच्या ताटातले उरलेले ती खाते, आणि ते जेवण ती स्वतःही जेवण म्हणून मोजत नाही.

तेव्हा सूत्र वापरावे, पण आरंभापुरते. दोन-तीन आठवडे एक वाटी, एक चमचा ठरवून मोजून खावे, आणि लिहावे. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी, कारण मीठ आणि पाणी यांमुळे एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होते. पहिला आठवडा सोडून द्यावा. त्यात उतरते ते पुष्कळसे पाणी. पुढे सरासरी हलत नसेल, तर दीडशे-दोनशे कमी करावे, किंवा चालणे वाढवावे. आठवड्याला अर्धा किलोहून वेगाने उतरू लागली आणि थकवा येऊ लागला, तर तेवढेच वाढवावे.

घाईने फार खाली मात्र जाऊ नये. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने सुमारे १५७० उष्मांकांवर ठेवून भरपूर चालावयास लावले. वजन चौथ्या हिश्श्याने उतरले. पण ते तरुण थंडीने कुडकुडत, चिडत, आणि काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवीत बसत! स्त्रियांनी बाराशेच्या आणि पुरुषांनी पंधराशेच्या खाली वैद्यकीय देखरेखीवाचून जाऊ नये, अशी सर्वसाधारण मर्यादा पाळतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढती मुले यांनी हा हिशेब करूच नये. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. औषध तेच ठेवून ताट अर्धे केले, तर रक्तातली साखर एकाएकी खाली जाऊ शकते, आणि ते रात्री, घरचे झोपलेले असतानाही होऊ शकते.