मोटारीच्या चाकांची सरळ चाल

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली आणि पुढच्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोंचला. तेव्हांपासून ह्या भागांतील लोकांच्या डोळ्यांना सरळ चालणाऱ्या चाकांची संवय आहे. आगगाडीच्या चाकाची धांव किंचित् उतरती, शंकूच्या आकाराची असते. गाडी एका अंगास सरकली तर त्या उतारामुळेंच ती पुन्हां मध्यावर येते; त्याहून अधिक सरकली तर चाकाची उभी कोर रुळाला अडते. दिशा धरून ठेवण्याचें काम चालकाला करावें लागत नाहीं, तें रूळ करतात.

मोटारीला रूळ नाहींत. तथापि सुस्थितींतील मोटार सपाट रस्त्यावर हातांची पकड सैल केली तरी सरळच जाते. ती कशाच्या आधारें? तिचे रूळ तिच्या पुढच्या चाकांच्या कोनांत दडलेले असतात. गाडीच्या पुढच्या भागांतील भुजा, बुश, किंगपिन आणि स्प्रिंगा सोडवून नव्यानें बसविल्या, म्हणजे हे अदृश्य रूळच उखडून पुन्हां घातल्यासारखें होतें. अशा दुरुस्तीनंतर गाडी वांकडी चालूं लागली, तर दोष कोठें व कोणत्या क्रमानें शोधावा, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील कांहीं घरांत जुनी मोटार अजून जिव्हाळ्यानें सांभाळली जाते, आणि त्या मोटारींत पद्मिनीचा मान मोठा. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० ही इटालियन बनावटीची गाडी तयार होत असे. १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ ह्या नांवानें ओळखली गेली. २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पण खासगी गाड्यांचे हौशी मालक अजूनही तिची डागडुजी करीत असतात. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकामागें एक वरची व एक खालची अशा दोन भुजा आणि गुंडाळी-स्प्रिंग असते. मागें अखंड आंस आणि पाटे असतात. वरील दुरुस्तीचे सर्व गुणदोष ह्या रचनेंत स्पष्ट दिसून येतात.

प्रथम तीन कोनांची ओळख करून घेणें अवश्य आहे. पहिला कोन कॅम्बर. गाडीसमोर उभें राहून पाहिलें असतां चाक अगदीं उभें आहे, कीं त्याचा माथा बाहेर अथवा आंत कललेला आहे, तें ह्या कोनानें मोजतात. दुसरा कॅस्टर. चाक ज्या आंसाभोंवतीं डावें-उजवें वळतें, तो आंस बाजूनें पाहतां वरच्या टोकाशीं किंचित् मागें कललेला असतो. सायकलचा चिमटाही असाच तिरपा असतो, आणि पटाईत मुलगा हात सोडून सायकल चालवितो तेव्हां हा तिरपेपणा त्याच्या साहाय्यास येतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतें, तें मुख्यतः ह्याच कोनामुळें. तिसरा कोन टो. वरून पाहतां दोन्ही चाकें समांतर आहेत, कीं त्यांचीं तोंडें एकमेकांकडे अथवा एकमेकांपासून दूर वळलेलीं आहेत, हें त्यावरून कळतें.

हे कोन डोळ्यांस दिसत नाहींत इतके लहान असतात, पण त्यांचा परिणाम लहान नसतो. गाडी जाते त्या दिशेशीं एखादें चाक केवळ एक अंश तिरपें असेल, तर प्रत्येक किलोमीटरामागें तें सुमारें १७ मीटर आडवें घासलें जातें. ठाण्याहून कल्याण लोहमार्गानें सुमारें २० किलोमीटर आहे. तेवढ्या प्रवासांत ही आडवी घासणी साडेतीनशें मीटरांच्या घरांत जाते. नवा टायर थोड्याच दिवसांत कसा संपतो, ह्याचें कोडें ह्या हिशेबानें सुटतें.

दुरुस्तीनंतरची तक्रार बहुधा एकाच वाक्यांत मांडली जाते: ‘अलाइनमेंट बिघडली.’ मग गाडी यंत्रावर चढते, टो जुळविला जातो, पैसे दिले जातात आणि गाडी पूर्वीसारखीच ओढत घरीं येते. मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री टायरला. परंतु प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. कल्याण-शीळ रस्त्यावर, मालमोटारींच्या रांगेंत, आषाढांतल्या पावसांत ब्रेक दाबतांच गाडी एका अंगास गेली, तर आंत बसलेल्या कुटुंबाला दुसरी संधि मिळेलच असें नाहीं. म्हणून निदान आधीं आणि जुळवणी नंतर, हा नियम येथेंही वैद्यकाइतकाच कडक आहे.

निदानाची पहिली पायरी म्हणजे तक्रार नेमकी कोणती, हें ठरविणें. पकड सैल केल्यावर गाडी सतत एका बाजूस जाते, ती ओढ. गाडी सरळ जाते पण स्टेअरिंगची आडवी पट्टी तिरपी दिसते, तें मध्य चुकणें. गाडी व स्टेअरिंग दोन्ही सरळ, पण टायर भराभर झिजतात, ती घासणी. ह्या तिन्ही तक्रारी एकत्र नांदूं शकतात, परंतु त्यांचीं कारणें भिन्न आहेत. ओढ बहुधा दोन बाजूंच्या कॅम्बर अथवा कॅस्टर ह्यांतील फरकानें लागते. ज्या बाजूच्या चाकाचा माथा अधिक बाहेर कललेला असेल तिकडे, अथवा ज्या बाजूचा कॅस्टर कमी असेल तिकडे, गाडी जाते. उलट टो चुकला तर ती चूक पुढचीं दोन्ही चाकें आपसांत वांटून घेतात. टायर झिजतात, गाडी चंचल होते, पण एकसारखी ओढ क्वचितच लागते. ओढीवर टोचें औषध देणें म्हणजे पोटदुखीवर डोळ्यांत अंजन घालणें होय.

चौथी एक तक्रार खास नव्या दुरुस्तीचीच असते. उजवें वळण घेतल्यावर गाडी उजवीकडेच जाऊं पाहते आणि डावें वळण घेतल्यावर डावीकडे. जणूं तिला मागच्या वळणाची आठवण राहते. येथें कोनांचा संबंध नसतो. किंगपिनचे नवे बुश रीमरनें नीट मापास न आणतां बसविले, अथवा एखादा सांधा प्रमाणाबाहेर आवळला, तर वळलेलें चाक घट्ट सांध्यांत अडकून राहतें. पुढचीं चाकें जॅकवर उचलून स्टेअरिंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरविलें, तर हा जडपणा हातालाच कळतो.

आतां तपासणीचा क्रम. गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वीं प्रत्येक सांध्याची चक्की आवळलेली आहे काय आणि जेथें स्प्लिट पिन हवी तेथें ती घातलेली आहे काय, हें डोळ्यांनीं पाहावें. चाक वर-खालीं व आडवें धरून हलवून पाहावें. सैल सांध्याच्या गाडीवर घेतलेलें कोणतेंही माप खोटें असतें, आणि अशी गाडी चालविणें हा जिवाशीं खेळ आहे.

त्यानंतर टायरकडे व ब्रेककडे वळावें. चारी टायरांतील हवा ठरल्या मापाची करावी. पुढचीं दोन चाकें डाव्या-उजव्या बाजूंस अदलून पाहावीं. ओढीची दिशा उलटली तर दोष टायरचा आहे, दुरुस्तीचा नाहीं. चाकें उचलून हातानें फिरवावीं. एखादें जड फिरलें तर ब्रेक धरून राहिला आहे. जुन्या टायरची झीज पाहून मात्र घाईनें निष्कर्ष काढूं नये. ती झीज जुन्या सांगाड्याची कथा सांगत असते. नव्या सांगाड्यानें अद्याप कांहीं लिहिलेलें नसतें.

पुढची गोष्ट पुष्कळदां दुर्लक्षिली जाते. भुजांच्या मुळाशीं रबराचे बुश असतील, तर ते घसरत नाहींत, पिळले जातात. गाडी जॅकवर असतांना, चाकें लोंबकळत असतांनाच त्यांचे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो. गाडीचें नाक उंच राहतें, एक बाजू दुसरीपेक्षां वर दिसते आणि बुश लौकर फाटतात. उंची बदलली कीं कॅम्बर व टो दोन्ही बदलतात. उपाय सोपा आहे: बोल्ट सैल करून गाडी स्वतःच्या वजनावर उभी करावी, दाबून कांहीं वेळां वर-खालीं हलवावी, थोडी पुढें-मागें ढकलावी आणि मग बोल्ट अखेरचे आवळावे. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकाच जातीच्या व एकाच उंचीच्या आहेत ना, हेंही त्याच वेळीं पाहावें.

रस्त्यावरील परीक्षेंतही एक फसगत आहे. पाणी वाहून जावें म्हणून रस्ता मध्यें उंच व कडेला उतरता असतो, आणि आपल्या देशांत वाहन डावीकडून चालतें. तेव्हां निर्दोष गाडीही किंचित् डावीकडे झुकणारच. घोडबंदर रस्त्यानें जाऊन त्याच रस्त्यानें परत आल्यानें शंका फिटत नाहीं. कारण येतांनाही गाडी डाव्या उतारावरच असते. खरी परीक्षा सपाट, मोकळ्या आवारांत, एकाच रेषेवर दोन्ही दिशांनीं गाडी चालवून होते.

एवढें झाल्यावर मापें घ्यावीं. त्यांस सपाट फरशी, पाणसळ, ओळंबा, दोरी आणि पट्टी एवढी सामग्री पुरते. गाडीच्या दोन्ही बाजूंस चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोन समांतर दोऱ्या ताणाव्या. पुढच्या दोन्ही चाकांचे मध्य आपापल्या दोरीपासून सारख्या अंतरावर यावे, आणि मागच्यांचेही तसेच. मग आरंभ मागच्या चाकांपासून करावा. पाट्यांचा मधला बोल्ट तुटून आंस एका बाजूस सरकला असेल, तर पुढची सर्व जुळवणी व्यर्थ जाते. गाडी खेंकड्यासारखी तिरपी चालते आणि स्टेअरिंग कधींच मध्यावर येत नाहीं. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर दोन्ही बाजूंस मोजलें, कीं हा दोष उघडा पडतो.

पुढच्या चाकाच्या रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतच्या अंतरांतील फरक म्हणजे त्या चाकाचा टो. चौदा इंची रिमवर सहा मिलीमीटरांचा फरक म्हणजे सुमारें एक अंश. ओळंबा सोडून रिमच्या माथ्याचें व तळाचें अंतर मोजलें, कीं त्याच हिशेबानें कॅम्बर कळतो. रिम स्वतःच वांकडी असण्याचा संभव असतो. म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून माप पुन्हां घ्यावें आणि दोहोंची सरासरी धरावी.

दोन बाजूंच्या कॅम्बरमध्यें फरक निघाला, तर प्रथम शिमांचा संशय घ्यावा. भुजांच्या बैठकीशीं ज्या पातळ पत्र्या असतात, त्याच कॅम्बर व कॅस्टर ठरवितात. गाडी उघडतांना कोणत्या बोल्टाखालीं किती शिमा निघाल्या, हें लिहून न ठेवल्यास त्यांची अदलाबदल सहज होते. शिमा बरोबर असून फरक राहिला, तर एखादी भुजा वांकलेली आहे, आणि ती बदललीच पाहिजे. कल्याणच्या कारखान्यांत १९९४ पासून कांहीं वर्षें तयार झालेली प्यूजो ३०९ ही वेगळ्या घडणीची, उभ्या स्ट्रटची गाडी. तशा गाडींत कॅम्बर जुळविण्याची सोयच बहुधा ठेवलेली नसते. तेथें कॅम्बर चुकला, ह्याचा सरळ अर्थ कांहींतरी वांकलें आहे अथवा बैठकींत नीट बसलेलें नाहीं.

जुळवणींत कॅस्टर व कॅम्बर आधीं आणि टो शेवटीं, हा क्रम मोडूं नये. कारण पहिले दोन हलविले कीं तिसरा आपोआप हलतो. स्टेअरिंगचा मध्यही टोबरोबरच दोन्ही बाजूंच्या दांड्यांची लांबी कमीजास्त करून साधावा. स्टेअरिंगचें चक्र उपसून सरळ दिसेल असें बसविण्याची युक्ति पुष्कळांना सोपी वाटते, पण ती घातक आहे. जुन्या पद्धतीच्या स्टेअरिंगच्या डब्यांत दांते अगदीं मध्यावर सर्वांत घट्ट जुळतात. चक्र उपसून बसविलें म्हणजे डोळ्यांचें समाधान होतें. आंतला मध्य मात्र चुकलेलाच राहतो, आणि सरळ जातांना गाडी सैल लागते.

आजकालचीं संगणकी यंत्रें हीं सर्व मापें थोड्या मिनिटांत देतात. परंतु माप चुकलेलें कां, हें यंत्र सांगत नाहीं. पिळलेला बुश, हरवलेली शिम अथवा तुटलेला मधला बोल्ट माणसालाच शोधावा लागतो. मालकानें मिस्त्रीशीं हुज्जत घालण्यापेक्षां दोन कागद मागावे: जुळवणीपूर्वींचीं मापें आणि नंतरचीं मापें, दोन्ही बाजूंचीं वेगवेगळीं. नव्या स्प्रिंगा व बुश थोडे बसतात, म्हणून कांहींशें किलोमीटर चालल्यावर, शक्य तर पावसाळा लागण्यापूर्वीं, तीं मापें पुन्हां घेऊन त्याच कागदांशीं ताडून पाहावीं. त्यांत फरक पडला नाहीं, तर दुरुस्ती पुरी झाली असें समजावें.